अहो, दोघांची तपासणी करू या का?

मैत्रिणींनो, एचआयव्हीचं नाव निघालं की आपण पटकन विषय बदलतो. ‘आपल्यासारख्यांच्या घरात कुठला आलाय तो रोग?’ असं वर म्हणतोही. पण पुण्यातली ही पाहणी बघा. १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांची माहिती डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. त्यांतल्या ३९१ जणी वेश्याव्यवसायातल्या नव्हत्या. बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशी संबंधही आला नव्हता. तरी शेकडा साधारण चौदा जणींना लागण झालेली निघाली! हा आकडा दवाखान्यात आलेल्यांचा आहे, घरोघरचा नव्हे. पण आपण सरळ वागलो म्हणजे सुटलो, असं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग नवऱ्याला विचारायचं कसं? संशयानं नको. ‘अहो, शुगर तपासायला जाताच आहात, तर दोघांचीही ही तपासणी करून घेऊ या का?’ असं म्हणावं. ‘दोघांची’ म्हटलं की बोचत नाही. घरात बोलायचीच सोय नसेल, तर १०९७ वर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, आधी-नंतर समजावूनही सांगतात. २०१७ च्या कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, की निकाल गावभर करता येत नाही. औषधंही २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती रोज नेमानं घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. दिवस गेलेल्या बाईनं तर तपासणी टाळूच नये. वेळेवर औषध सुरू झालं, तर बहुतेक बाळं सुखरूप राहतात.

आता शेजारणीचं. एका कपातून चहा प्यायल्यानं, जवळ बसल्यानं, डास चावल्यानं हा रोग लागत नाही. तरी नातेवाइकांनी लेकरं टाकलीच ना? आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, मंगलताई शहांनी ‘पालवी’त अशा मुलांना आईची माया दिली. आपल्याला एवढं मोठं काम झेपेलच असं नाही. पण नवरा गेलेली, औषध घेणारी एखादी गल्लीत असेल, तर तिला हळदीकुंकवाला बोलवावं, तिच्या मुलांना आपल्या मुलांबरोबर खेळू द्यावं. एवढं तर जमेल ना?