ताळेबंदापुढे नतमस्तक संशोधन

डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात, पीएच. डी. करून ही मुले कोणते दिवे लावणार आहेत, असा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी केला. अधिछात्रवृत्तीवर दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्यांची ती कुचेष्टा होती आणि तिचा निषेध झाला हे योग्यच झाले. परंतु विद्यार्थ्यांना विचारू नये तो प्रश्न विद्यापीठांना मात्र विचारावाच लागेल. आणि प्रथम विचारावा लागेल तो वाणिज्य शाखेतील लेखाशास्त्र विभागांना.

या विभागांतील प्रबंधांची एक ठरलेली मूस आहे. अमुक जिल्ह्यातील निवडक साखर कारखान्यांची आर्थिक कामगिरी, तमुक नागरी सहकारी बँकांचे गुणोत्तर-विश्लेषण. पाच वर्षांचे ताळेबंद, शे-दोनशे जणांची प्रश्नावली, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतची पाच घरे, आणि अखेरीस व्यवस्थापनाने कार्यक्षमता वाढवावी ही निरुपद्रवी शिफारस. अपवाद आहेत, पण त्यांनी मूस मोडलेली नाही. या साऱ्याच्या मुळाशी एक भाबडी श्रद्धा आहे : छापील ताळेबंद म्हणजेच वस्तुस्थिती! ज्या कागदाची उलटतपासणी करणे हे या शास्त्राचे पहिले कर्तव्य, तोच कागद येथे ‘दुय्यम सामग्री’ म्हणून निमूटपणे तक्त्यात उतरवला जातो.

या श्रद्धेची किंमत काय असते? ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी लेखी कबुली दिली की, ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोकड व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्या कंपनीचे चालू गुणोत्तर कोणा संशोधकाने काढले असते तर ते उत्तमच आले असते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना प्रारंभी सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. एका बांधकाम समूहाची प्रचंड कर्जे दडवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवल्याचे तपासात पुढे आले. निवृत्तीची पुंजी तेथे ठेवलेली माणसे शाखांपुढे उभी होती. आणि सहकारी बँकांवरील प्रबंध ग्रंथालयांच्या कपाटांत उभे होते.

दोष संशोधक विद्यार्थ्याच्या माथी मारणे सोपे आहे. तासिका तत्त्वावर चार महाविद्यालये पालथी घालणाऱ्या तरुणाने कोणत्या बळावर कारखान्याच्या अध्यक्षाशी वैर घ्यावे? त्याच्या महाविद्यालयाचे संचालकही पुष्कळदा तेच गृहस्थ असतात. वर विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१६ चा नियम : प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदांतून दोन सादरीकरणे. पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार अशाच सक्तीवर पोसला गेला. २०२२ मध्ये ही सक्ती उठली, सवय राहिली.

आणि परंपरा तर आपल्याकडे केवढी आहे! दादाभाई नौरोजींनी सरकारी आकड्यांतूनच साम्राज्याची लूट मांडली. डॉ. आंबेडकरांचा १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला कोलंबिया विद्यापीठाचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता. हिशेबाच्या रुक्ष वह्यांतून सत्ता कोणाच्या हाती आणि भार कोणाच्या शिरी, हे वाचता येते याचा तो वस्तुपाठ आहे. आमचे विभाग त्यांच्या जयंतीला हार घालतात.

विषयांची वाण नाही. उसाच्या दरातून कारखाने तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करतात. त्यातले कोयता चालवणाऱ्या जोडप्याच्या हाती किती पडतात आणि मुकादमाच्या वहीत उचलीपोटी किती वळते होतात, हा लेखाशास्त्राचा शुद्ध प्रश्न आहे. अधिसभेवरील शिक्षक व पदवीधर प्रतिनिधींनी दोन ठराव तरी मांडावेत. सहकार खात्याकडील लेखापरीक्षण अहवाल संशोधकांना खुले करावेत, हा एक. आणि मुकादमाची वही ही संशोधनाची ग्राह्य सामग्री मानावी, हा दुसरा. विरोध कोण करतो, याची नोंद सभेच्या इतिवृत्तात आपोआप होईल.