कॅमेऱ्याची बॅग घेताना

तुळशीची लग्ने आटोपली की आमच्या इंदुरात लग्नसराईला आरंभ होतो आणि घरातील एका व्यक्तीचे दर्शन दुर्मीळ होऊन बसते. ही व्यक्ती म्हणजे माझी धाकटी पुतणी. गेली चार वर्षे ती विवाहसमारंभांची छायाचित्रे काढते. प्रारंभी या व्यवसायाविषयी घरात फारसे अनुकूल मत नव्हते. परंतु तिचे काम चांगले, वागणे चोख, त्यामुळे हळूहळू सर्वांचा विरोध मावळला. गेल्या हंगामात मात्र तिचा उजवा खांदा असा काही धरला की हात डोक्यापर्यंत जाईना. डॉक्टरांनी सहा आठवडे वजन न उचलण्याची ताकीद दिली. ठरलेली कामे तिला दुसऱ्यांच्या हवाली करावी लागली, आणि या धंद्यात एकदा दुसरीकडे गेलेले गिऱ्हाईक धाकट्या बहिणीच्या लग्नालाही तिकडेच जाते. "ही हमाली आपल्या घरच्या मुलींना झेपणारी नव्हे," असे म्हणावयास वडीलधाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले.

यंदा कार्तिक लागताच ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, मला नवी बॅग घ्यायची आहे. सगळं सामान मावेल अशी मोठी आणि मजबूत. तुम्ही इतकी वर्षं कॅमेरा घेऊन हिंडता, तुम्हीच सांगा कोणती घेऊ."

मी म्हणालो, "आधी जुनी बॅग आण आणि या सतरंजीवर रिकामी कर."

सामान मांडता मांडता अर्धी सतरंजी भरली. स्वयंपाकघरातील काटा आणून मी एकेक वस्तू तोलू लागलो आणि ती कागदावर आकडे लिहू लागली. दोन कॅमेरे, मिळून १.८ किलो. लांबून टिपावयाची ७०-२०० मिलिमीटरची लेन्स, १.५ किलो. २४-७० ची लेन्स, ९०० ग्रॅम. आणखी तीन लहान लेन्सा, १.४ किलो. दोन फ्लॅश, ९०० ग्रॅम. बॅटऱ्या, चार्जर आणि तारांचे भेंडोळे, तेही ९०० ग्रॅम. हातात धरावयाचा एक दिवा, ६०० ग्रॅम. लॅपटॉप व त्याचा चार्जर, १.९ किलो. आणि शेवटी रिकामी बॅग, १.६ किलो. बेरीज झाली साडेअकरा किलो! हे सारे ओझे ती सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत एका खांद्यावर, एका पट्ट्याने वाहत होती. आकडा पाहून ती स्वतःच स्तब्ध झाली. "काका, हे मी कधी मोजलंच नव्हतं," एवढेच म्हणाली.

बॅग घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने पहिली पायरी म्हणून हेच करावे. आपण दुकानात जातो, कप्पे मोजतो, रंग पाहतो, किंमत विचारतो; परंतु आपले ओझे किती हे ठाऊक असल्याशिवाय यातील कशालाच अर्थ नाही.

इंदूरकरांना या ओझ्याचा इतिहास जवळचा आहे. पुढे राजा दीनदयाळ म्हणून कीर्ती पावलेले छायाचित्रकार मूळचे मेरठजवळच्या सरधना गावचे. त्यांचा जन्म १८४४ चा. रुरकीला शिक्षण घेऊन ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास येथेच त्यांच्या हाती कॅमेरा आला. सर लेपेल ग्रिफिन यांजबरोबर हिंडून त्यांनी मध्य भारतातील वास्तूंची जी छायाचित्रे घेतली, ती १८८६ साली 'फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया' या ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्यांनी कॅमेरा हाती घेतला त्या काळी ओल्या काचेची पद्धत प्रचारात होती. काचेवर रसायन चढवावयाचे, ते ओले आहे तोवरच चित्र घ्यावयाचे आणि लगेच ते धुवावयाचे. म्हणजे लाकडी कॅमेरा, जड काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाऱ्या खोलीचे काम देणारा तंबू, हे सारे छायाचित्रकाराच्या सोबतच चालावयाचे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६४ साली काश्मीरला गेला तेव्हा त्याच्याबरोबर चाळीसांहून अधिक हमाल होते. आज सामान पुष्कळच हलके झाले आहे, यात शंका नाही. परंतु मधले हमाल नाहीसे झाले आणि चित्र टिपणारा व ओझे वाहणारा हे दोघेही एकच होऊन बसले. म्हणून बॅगेचा विचार हा सामानाच्या आधी माणसाच्या शरीराचा विचार होय.

वजन झाल्यावर मी पुतणीला दुसरा प्रश्न विचारला, "मांडवात उभी असताना यातलं काय काय तुझ्या हाताला लागतं?" तिने विचार करून एकेक वस्तू बाजूला काढली. दोन्ही कॅमेरे, दोन मोठ्या लेन्सा, एक लहान लेन्स, एक फ्लॅश, चार बॅटऱ्या आणि कार्डांची डबी. बाकीचे सामान? ते लागते, पण तासातासाने. आणि लॅपटॉप तर रात्री घरी आल्यावरच. दोन्ही कॅमेरे मोठ्या लेन्सांसह गळ्यात व हातातच असतात. म्हणजे काम चालू असताना खरोखर बॅगेत राहणारे सामान दीड किलोच्या आत भरले!

येथेच तिच्या दुखण्याचे मूळ सापडले. घरापासून कार्यस्थळापर्यंत सामान नेणे हे एक काम आणि तेथे पोहोचल्यावर उभ्याने, वाकून, गर्दीतून वाट काढीत छायाचित्रे घेणे हे दुसरे. या दोन्ही कामांना एकच बॅग शोधणे ही चूक. सर्व काही मावणारी मोठी बॅग नेण्यासाठी उत्तम. पण ती अंगावर वागवीत काम करू लागले की खांदा धरणारच.

हा भेद पूर्वी अनेकांना अनुभवाने कळलेला आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातल्या एका दैनिकाचे छायाचित्रकार जिम डॉमके यांना त्या वेळच्या ताठ, पेटीवजा बॅगा कामाच्या धावपळीत नकोशा वाटत. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी स्वतःसाठी कॅन्व्हासची मऊ, अंगाला बिलगणारी बॅग बेतली. पुढे तीच वार्ताहर छायाचित्रकारांत प्रिय झाली. इंग्लंडमध्ये १९७३ साली सुरू झालेला बिलिंगहॅम यांचा कारखाना तर मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी पिशव्या शिवीत असे. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार त्याच पिशव्या कॅमेऱ्यासाठी घेत आहेत, असे त्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कानी आले, आणि कारखान्याचा रोखच बदलला. पाण्याकाठी उभ्याने एका हाताने उघडता येणारी पिशवीच या लोकांना हवी होती.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. नेण्याच्या बॅगेसाठी जड सामान असणाऱ्याने पाठीवरची बॅगच घ्यावी. तिला दोन रुंद पट्टे तर हवेतच. पण त्याहून महत्त्वाचा कमरेचा पट्टा. तो पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. म्हणजे ओझ्याचा मोठा भाग खांद्यांवरून उतरून पायांवर जातो. केवळ शोभेची अरुंद दोरी लावलेली असेल तर तिचा उपयोग नाही. चाकांची बॅग सपाट फरशीवर सुखाची; परंतु मंगल कार्यालयाचे जिने, मैदानावरची माती आणि रेल्वेचे पूल पाहता ती निम्मा वेळ उचलूनच न्यावी लागते, आणि चाके व दांडा यांचे वजन आतल्या सामानाशिवाय वेगळेच.

मापाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. चिठ्ठीवर छापलेले माप पुष्कळदा बाहेरचे असते. फोमची जाडी वजा जाता आत बरेच कमी उरते. यासाठी सोपी युक्ती अशी. जमिनीवर वर्तमानपत्र पसरावे, आपले सामान ज्या रीतीने ठेवावयाचे त्या रीतीने त्यावर मांडावे, दोन वस्तूंत बोटभर अंतर पडद्यांसाठी सोडावे आणि भोवती पेन्सिलीने रेघ ओढावी. तो कागद घडी करून दुकानात न्यावा. ७०-२०० ची लेन्स कॅमेऱ्याला जोडलेलीच ठेवावयाची असेल तर आतून सुमारे ३० सेंटिमीटर लांबी लागते. पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांच्या १५०-६०० च्या लेन्सेला याहूनही अधिक. सिरपूरच्या तळ्यावर, जे २०२२ साली रामसर यादीत गेले, पहाटे येणारे किती तरी हौशी लोक लेन्स काढीत आणि जोडीत उभे असतात. तोवर पक्षी उडून गेलेला असतो! बॅग आखूड, एवढेच त्याचे कारण.

शक्य असल्यास सामान सोबत नेऊन दुकानातच बॅग भरावी, पाठीवर घ्यावी आणि दहा मिनिटे चालावे. जिना असेल तर चढून पाहावा. रिकामी बॅग सर्वांनाच सुखाची वाटते. घरपोच मागविली असेल तर परत करण्याची मुदत आधी पाहून हाच प्रयोग घरी करावा. पट्टा बॅगेला जेथे जोडला आहे तेथील शिवण ओढून पाहावी. चौकोनात फुली अशी दुहेरी शिवण असेल तर उत्तम. चेन सलग सरकते की अडते, ते दहादा उघडझाप करून पाहावे.

चेनेवरून माझाच एक प्रमाद सांगतो. काही वर्षांपूर्वी त्याच तळ्याच्या पाळीवर बगळ्यांचा थवा उतरताना पाहून मी घाईने बॅग उघडली, कॅमेरा काढला आणि चेन न लावता झाकण नुसतेच खाली टाकले. चार पावले पुढे जावे म्हणून मूठ धरून बॅग उचलली मात्र, आतील लेन्स घरंगळत दगडांवर गेली. त्या लेन्सेने मी माझ्या मातोश्रींची अखेरची छायाचित्रे घेतली होती. काच वाचली, पण आतील जोडणी सैल झाली ती झालीच. दुरुस्तीनंतरही पूर्वीची धार तिला आली नाही. तेव्हापासून कॅमेरा बाहेर आला की दुसऱ्या हाताने चेन बंद, हा नेम मी मोडलेला नाही. पाठीच्या बाजूने उघडणारी बॅग या दृष्टीने, आणि गर्दीत चोरट्यांच्या दृष्टीनेही, अधिक निर्धोक असते. बॅगेवर कॅमेरा-कंपनीचे नाव ठळक अक्षरांत मिरवीत नसावे. कार्यालयात आणि रेल्वेच्या डब्यात ती जाहिरात नको त्याच्या नजरेत भरते.

विमानाने जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. देशांतर्गत प्रवासात हातातील सामानाची मर्यादा सामान्यतः ७ किलो असते, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या सोबतच ठेवाव्या लागतात. सामानात टाकता येत नाहीत. अडीच किलोची रिकामी बॅग घेतली तर मर्यादेचा तिसरा हिस्सा तेथेच संपतो.

शेवटची सूचना पावसाळ्याची. पाण्याची खोळ बॅगेसोबत मिळते की नाही ते पाहावेच. परंतु बॅग हे कपाट नव्हे, हे त्याहून महत्त्वाचे. फोम ओलावा धरतो आणि आषाढ-श्रावणात बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सांच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. घरी येताच सामान काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, आणि ऊन पडेल त्या दिवशी बॅग उघडी करून वाळवावी.

असो. पुतणीने अखेर दोन बॅगा घेतल्या. एक कमरपट्ट्याची, पाठीवरची, मध्यम आकाराची. दुसरी कॅन्व्हासची, तिरकी गळ्यात घालावयाची, अगदी लहान. दोहोंची किंमत मिळून तिच्या मनातल्या त्या एका मोठ्या बॅगेहून कमीच झाली. लॅपटॉप घरी राहिला. मोठी बॅग कार्यस्थळी यजमानांच्या कुलूपबंद खोलीत राहू लागली.

परवा संक्रांतीला ती तिळगूळ द्यावयास आली, ती परस्पर एका कार्यावरूनच. बॅग पाठीवरून उतरवून तिने कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "काका, आज तो हातातला दिवाही घरीच विसरले होते."

मी विचारले, "मग अडलं का कुठे?"

"नाही. खिडकीजवळ नेऊन बसवलं नवरीला. फोटो चांगले आलेत."

तिळगुळाचा डबा वरच्या फळीवर होता. तो काढण्यासाठी तिने उजवा हात सहज वर नेला. पाठीमागे उभी असलेली तिची आई ते पाहत होती. ती काही बोलली नाही. फक्त कोपऱ्यातली बॅग उचलून, तिचे वजन हातात घेऊन, परत खाली ठेवली.