खनिज विकलं, मुद्दल कुठे आहे?



गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतले डोंगर पोर्तुगीज अमदानीपासून पोखरले गेले. माल ट्रकांतून जेटीवर, तिथून बार्जमधून मुरगाव बंदरात आणि पुढे जपान-चीनला पोचला. आपल्या वाट्याला खंदक, डंप आणि पावसाळ्यात शेतात उतरणारा तांबडा गाळ आला. तरीही सरकार खनिजाचा पैसा दरवर्षी मिळकतीच्या बाजूला मांडतं! वडिलोपार्जित शेत विकून घर चालवणाऱ्याला गावात कुणी कमावता म्हणत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखलं. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर 21 एप्रिल 2014 रोजी निकाल देताना न्यायालयाने 22 नोव्हेंबर 2007 नंतरचं खाणकाम बेकायदा ठरवलं. पुढे विकल्या जाणाऱ्या लोहखनिजाच्या किमतीतले 10 टक्के एका कायम निधीत ठेवायलाही सांगितलं, कारण या ठेव्यावर पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे. सरकारने काय केलं? त्याच जुन्या लीजधारकांना घाईघाईने लीज वाढवून दिल्या. अशा 88 लीज न्यायालयाला 7 फेब्रुवारी 2018 रोजी रद्द कराव्या लागल्या. निकालाला इतकी किंमत देणाऱ्यांच्या भरवशावर नातवंडांचा पैसा ठेवायचा का?

म्हणून कायदा हवा. आजचा निधी फक्त लोहखनिजापुरता आहे. मँगनीज आणि बॉक्साइट त्याबाहेर. 2022 पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, त्यांचा प्रीमियम सरकारी तिजोरीत जातो आणि चालू खर्चात विरून जातो. केंद्राच्या 2019 च्या खनिज धोरणात खनिज हा सामायिक वारसा आहे आणि सरकार त्याचं विश्वस्त आहे, असं स्वच्छ लिहिलं आहे. पण धोरण मोडलं म्हणून कोणत्या मंत्र्याला जाब द्यावा लागतो?

अलास्काने 1976 मध्ये थेट राज्यघटनेत दुरुस्ती केली. खनिजांच्या रॉयल्टीतला किमान 25 टक्के वाटा कायम निधीत जातो आणि मुद्दलाला हात लावता येत नाही. वेल्सने 2015 मध्ये भावी पिढ्यांच्या हितासाठी कायदा करून स्वतंत्र आयुक्तही नेमला. (आपल्याकडे आधी आयुक्तांचा बंगला आणि गाडी ठरेल, म्हणून आम्ही आयुक्त मागत नाही. पैशाला कुलूप मागतो.)

'आजच्या खाण-अवलंबितांच्या पोटाचं काय?' असं विचारलं जाईल. प्रश्न खरा आहे. 2018 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा कर्जावर ट्रक घेतलेल्यांचे हाल सगळ्यांनी पाहिले. पण चीनला माल धडाधड जात होता त्या वर्षांत असा निधी उभा राहिला असता, तर त्याच्या व्याजातून याच लोकांना आधार देता आला असता. त्या तेजीचा पैसा कुणाच्या घरात गेला, हे खाणपट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. न्या. शाह आयोगाने बेकायदा खाणकामामुळे राज्याचं सुमारे 35 हजार कोटींचं नुकसान झाल्याचा अंदाज मांडला होता.

आमची मागणी अशी: विधानसभेने कायदा करावा. उत्खननाचा खर्च आणि वाजवी नफा वजा जाता खनिजाची सगळी किंमत निधीत जावी. मुद्दल कोणत्याही सरकारला काढता येऊ नये, महागाई भरून काढल्यावर उरलेलं व्याजच वापरावं आणि दरवर्षीचा हिशेब प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लागावा.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. आमदार रस्त्याच्या उद्घाटनाला आले की नारळ फुटण्याआधी त्यांना विचारा, विधेयक कोणत्या अधिवेशनात आणणार?