दारं नीट लावून वाचा

३१ ऑक्टोबरला हॅलोविन. अमेरिकेत दारोदारी कोरलेले भोपळे मांडले जातात आणि भुताखेतांची पुस्तकं कपाटातून बाहेर निघतात. त्यांत पहिला मान शर्ली जॅक्सनच्या १९५९ सालच्या ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’चा. भूत या कादंबरीत धड दिसतच नाही. अंधारात घाबरलेली एलेनॉर मैत्रिणीचा हात घट्ट धरून असते. उजेड होतो तेव्हा मैत्रीण पलीकडे, आपल्या खाटेवर. मग हात कोणाचा? जॅक्सन सांगत नाही, आणि अंगावर काटा येतो तो तिथेच.

‘ड्रॅक्युला’ (१८९७) सिनेमांमुळे उगाच ओळखीचा वाटतो. मूळ पुस्तक रोजनिश्या, पत्रं आणि तारांमधून उलगडतं. पाहुणा म्हणून आलेला हार्कर दाढी करत असताना काउंट ड्रॅक्युला त्याच्या खांद्याशी उभा असतो, आरशात मात्र नसतो! गंमत म्हणजे लेखक ब्रॅम स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेलाच नव्हता.

इंग्रजी जड जात असेल, तर नारायण धारप आहेतच. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर त्यांची ‘लुचाई’ बेतलेली आहे. जोडीला रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घ्याव्यात. धारपांपेक्षा त्या जास्त दिवस पिच्छा पुरवतात, असं संपादकांचं मत आहे. धारपांचे चाहते भांडायला येतील, ते येवोत.