देशात सर्किट, परदेशात प्रेक्षक!
मोटार-शर्यतींचे वेड असलेला मुंबईकर रसिक आज सिंगापूर वा अबू धाबीची वारी करतो. विमानभाडे, तिकीट नि मुक्काम, सारे पदरमोड करून! त्याच्या हौसेला आम्ही दोष देत नाही. आमचा सवाल राज्यकर्त्यांना आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत भरली. सेबास्टियन व्हेटेलने आपले चौथे जगज्जेतेपद तेथेच पक्के केले. अखेर हा खेळ की करमणूक, या करवादात ती शर्यत गारद झाली. कर अवश्य घ्या. खेळाच्या नावाखाली कोणालाच सवलत नको. पण नियम आधी ठरवा, नि ठरला की पाळा! नाहीतर घरचे मैदान सोडून परदेशी धावण्याची ही नामुष्की आणखी किती वर्षे सोसायची?