नाक मुरडण्यापूर्वी

आम्ही मित्रांसमवेत नुकतेच एका खाद्यमेळाव्यास गेलो होतो. तेथे इथिओपियाची ‘इंजेरा’ पाहून आमच्यापैकी एकाने नाक मुरडले. वाढणाऱ्या बाईंचा चेहरा उतरला. चाखून पाहतो तो काय! टेफ नामक धान्याचे पीठ आंबवून केलेली ती आपल्या आंबोळीची बहीणच! वास्तविक नाक मुरडण्याचा आपणांस अधिकार तो कोणता? मिरची, बटाटा आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातील. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचण्यापूर्वी आपल्या पूर्वजांस त्यांचे नावही ठाऊक नव्हते; आज त्यांवाचून आपला उपवासही घडत नाही! सबब, विद्यार्थिबंधुभगिनींनो, परका पदार्थ न रुचल्यास खुशाल ठेवावा. परंतु तो रांधणाऱ्या हातांचा अवमान कदापि करू नये, असे आमचे नम्र मत आहे.