तारेवरचा कोतवाल आणि पसरणीचा घाट

बारावीच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न मी दरवर्षी विचारायचे. प्रयोगशाळेच्या खिडकीतून अकरा केव्हीची लाइन दिसायची आणि तिच्यावर बहुतेक वेळा एखादा कोतवाल आपली दुभंगलेली शेपटी सांभाळत बसलेला असायचा. "त्याला शॉक का बसत नाही?" एकतीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर असं: "मॅडम, त्याचे पाय इन्सुलेटर असतात." त्याखालोखाल: "त्याला अर्थिंग मिळत नाही." हे जरा बरं. पण "म्हणजे नेमकं काय रे?" असं विचारलं की पोरगं बुटांकडे बघायला लागायचं. आणि याच पोरांनी पूर्वपरीक्षेत द्विध्रुवाच्या विभवाची दीड पानाची सिद्धता एकही पायरी न गाळता लिहिलेली असायची.

मी वाईजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. मुलं आळशी नाहीत आणि स्थिर विद्युत हा विषयही काही राक्षस नाही. आपण तो उलट्या टोकाने शिकवतो, एवढंच. पुस्तक कूलोमच्या बलापासून निघतं, मग क्षेत्र, मग फ्लक्स, मग गाउस, आणि धापा टाकत शेवटी विभव. त्यातही राज्य मंडळाच्या सध्याच्या पुस्तकांत बल आणि क्षेत्र अकरावीला, विभव बारावीला. मधे एक आख्खी सुट्टी. अकरावी हे आपल्याकडे विश्रांतीचं वर्ष मानलं जातं हे ज्याला ठाऊक आहे त्याने पुढचा हिशेब करावा. माझं म्हणणं आहे की विभवापासून सुरुवात करा. बल मागून येऊ द्या.

कारण माणसाची गाठ पडते ती विभवाशीच. कृष्णेकाठचा कोणताही शेतकरी सांगेल, "होल्टेज नाय, मोटर उचलत नाय." जुनी माणसं म्हणतात, "लाइटला दाब नाही." हा 'दाब' शब्द भौतिकशास्त्राच्या माणसाला खटकतो, पण त्यातली समज खरी आहे: पाणी चढावर जायला जसं काहीतरी मागून लागतं, तसं विजेला. शाळेच्या पुस्तकात त्याला विभव म्हणतात. आमच्या वाईतच ज्याचं संपादन झालं त्या मराठी विश्वकोशात 'वर्चस्' भेटतं. तिन्ही शब्द मला आवडतात. पण सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. इंग्रजीत पोटेन्शियल आणि पोटेन्शियल एनर्जी ही जुळी भावंडं; वर्गातली निम्मी चूक त्या जुळेपणातून येते. मराठीत एक विभव आणि दुसरी स्थितिज ऊर्जा. चेहरेच वेगळे. मराठी माध्यमातलं मूल हा स्वच्छ फरक घेऊन अकरावीत येतं आणि आम्ही पहिल्या महिन्यात तो पुसून टाकतो. मीही पुसला आहे, बरीच वर्षं.

फरक काय, ते स्वेटरवरून सांगते. जानेवारीत आमच्याकडे हवा कोरडी ठणठणीत असते. लोकरीचा स्वेटर डोक्यावरून काढला की तडतडतो, अंधारात ठिणग्याही दिसतात. मग दाराच्या कडीला हात लावला की चटका. माणसाच्या अंगावर अशा वेळी १० हजार व्होल्टपर्यंत विभव सहज चढतं. भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट. मग स्वेटरने माणूस मरत का नाही? कारण व्होल्ट ही विजेची मात्राच नव्हे. दर कूलोममागे किती ज्यूल, तो हा भाव आहे. भाव चढा असला तरी माल किती आहे ते बघायला नको? माणसाच्या शरीराची धारिता साधारण १०० पिकोफॅरड. हिशेब मांडला तर अंगावरचा प्रभार निघतो एक मायक्रोकूलोम आणि ऊर्जा ५ मिलिज्यूल. पन्नास ग्रॅमचं लिंबू एक सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. सॉकेटमागे मात्र कोयनेपासूनची सगळी यंत्रणा उभी असते, ती प्रभार पुरवतच राहते. हे लिंबू मी टेबलावर ठेवून उचलून दाखवायचे. मुलं हसायची, पण त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत व्होल्ट आणि ज्यूल यांची गल्लत कमी व्हायची.

आकडे अंगावर येऊ देणं हेही आम्ही विसरलो आहोत. एक-एक कूलोमचे दोन प्रभार, एक मीटर अंतर, बल काढा. मुलं लिहितात ९ गुणिले दहाचा नववा घात न्यूटन, खाली दोन रेघा, पुढचं गणित. मी थांबवायचे. भागा ९.८ ने, टनांत सांगा. नऊ लाख टन वजनाएवढं बल! तेव्हा कुठे वर्गात कुजबुज व्हायची, आणि कुणीतरी विचारायचं, की मग एवढा प्रभार कधी एकत्र साठतच नसेल ना? हाच खरा प्रश्न. १७८५ साली कूलोमने पिळाच्या तराजूवर जे बल मोजलं ते इतकं नाजूक का होतं, याचं उत्तर त्यात आहे.

आता घाटाकडे येते, कारण माझी सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. मधे पसरणीचा घाट. उंची म्हणजे विभव. उतार म्हणजे विद्युत क्षेत्र. एवढं एकच वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून आठवडाभर पुसू द्यायचे नाही. धन प्रभार म्हणजे वरून सोडलेला दगड, तो उताराच्या बाजूने खाली येणार. ऋण प्रभार त्याच्या उलट, चढावर निघालेला, जरा विचित्र प्राणी. भूगोलाच्या नकाशात समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात, त्याच इथे समविभव रेषा. रेषा दाटीने आल्या की कडा, विरळ झाल्या की माळ. रेषेवरून चालत राहिलात तर ना चढ ना उतार, कष्ट शून्य. क्षेत्र नेहमी त्या रेषांना काटकोनात, कारण दगड आडवा घरंगळत नाही, सरळ खाली जातो. एका मीटरमागे किती व्होल्ट उतरलो ते मोजा. व्होल्ट प्रति मीटर आणि न्यूटन प्रति कूलोम ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

आणि मग त्या कुप्रसिद्ध चुका. "क्षेत्र शून्य आहे, म्हणजे विभवही शून्य." दरवर्षी, हमखास. मी विचारायचे, पाचगणीच्या पठारावर, टेबल लँडवर, कोण कोण गेलंय? सगळेच गेलेले. तिथे उतार किती? नाही. मग उंची शून्य झाली का? दोन सारखे धन प्रभार आणि त्यांच्या बरोबर मधला बिंदू? ती खिंड आहे. दोन बाजूंना डोंगर चढत गेलेले, उरलेल्या दोन बाजूंना जमीन उतरत गेलेली, पायाखाली क्षणभर सपाट. गोटी ठेवली तर टिकेल? डोंगराच्या दिशेने ढकलली तर परत येईल, आडवी ढकलली तर गेलीच. आणि एक धन, एक ऋण असेल तर? मधे उंची शून्य, पण तिथे उतार संपत नाही. कोकणातल्या किनाऱ्यावर पाण्याच्या रेषेला उंची शून्य असते, म्हणून काय जमीन तिथे उतरायची थांबते? क्लासमध्ये याच तीन गोष्टी 'ट्रिक' म्हणून तीन चौकटींत पाठ करून घेतात. घाटातून एसटीने रोज येणाऱ्या मुलीला त्या ट्रिका कशाला हव्यात, मला कळत नाही.

शून्य कुठून मोजायचं हा वादही घाटातच मिटतो. पाचगणीची उंची समुद्रापासून मोजा नाहीतर वाईच्या गणपतीच्या घाटापासून. एसटीला चढायचं ते तेवढंच. कोतवालाचं उत्तर हे आहे. तो हजारो व्होल्टच्या उंचीवर बसलाय खरा, पण त्याचे दोन्ही पाय एकाच उंचीवर आहेत. टेबल लँडवर उभ्या माणसाचा पाय घसरत नाही.

मायकेल फॅरेडेचं नाव इथे घ्यावंच लागतं. पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस. गणिताचं शिक्षण जवळजवळ नाही. क्षेत्राच्या रेषा त्याच्या डोक्यात आधी चित्र म्हणून आल्या; मॅक्सवेलने त्यांना गणिताचे कपडे घातले ते १८५० च्या दशकात. १८३६ साली फॅरेडेने बारा फुटी लाकडी घनाकृती खोली करून घेतली, बाहेरून धातूने मढवली, तिच्यावर प्रभार चढवला आणि स्वतः विद्युतमापी घेऊन आत जाऊन बसला. बाहेरच्या अंगाने ठिणग्या उडत होत्या, आत काटा हलेना. तो त्या दिवशी विभवाच्या पठारावर बसला होता. सूत्र न वापरता त्याला जे दिसलं ते आमच्या मुलांना सूत्र पाठ करून दिसत नाही.

हा सगळा खटाटोप मार्कांसाठी नाही. वळवाच्या दिवसांत झाडाखाली बांधलेल्या गाई एकदम तीन-तीन, चार-चार दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. जवळ उभा असलेला माणूस कधी कधी वाचतो, गाय जाते. लोक म्हणतात, मुकं जनावर, दैव. दैव नव्हे. झाडावर वीज पडली की प्रवाह मुळाशी जमिनीत शिरून चहूकडे पसरतो आणि त्या क्षणापुरती झाडाभोवती विभवाची टेकडी उभी राहते. गाईचे पुढचे आणि मागचे पाय दीडेक मीटर लांब. तेवढ्या अंतरात उतार हजारो व्होल्टचा असू शकतो, आणि वाट छातीतून जाते. म्हणूनच वीज कडाडत असताना उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा म्हणतात. आडवं पडू नका, पळत सुटू नका, ढांगा टाकू नका. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आता इशारा देतं, उत्तम आहे. पण इशारा मिळाल्यावर झाडाखाली जायचं की मोकळ्यात पाय जुळवायचे, हे ज्याला टेकडी दिसते त्यालाच पटतं. बारावी सायन्स झालेला मुलगा गावात असूनही गाय झाडालाच बांधली जात असेल, तर आम्ही त्याला नक्की काय शिकवलं?

साहित्य नाही, ही सबब मला मान्य नाही. प्लॅस्टिकचा पसरट ट्रे, त्याखाली आलेख कागद, नळाचं पाणी, दोन तांब्याच्या पट्ट्या, ९ व्होल्टची बॅटरी आणि बाजारात काहीशे रुपयांना मिळणारा मल्टिमीटर. पट्ट्या पाण्यात समोरासमोर ठेवून बॅटरीला जोडायच्या. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, दुसरं पाण्यात फिरवत जायचं. जिथे जिथे ३ व्होल्ट दिसतील तिथे दुसऱ्या कागदावर ठिपका. मग ४, मग ५. ठिपके जोडा. पट्ट्या काढून दोन पितळी स्क्रू ठेवले की रेषा वाकतात आणि स्क्रूंजवळ दाटतात. एक तास पुरतो आणि पावसाळ्यातही जमतो. कंगवा आणि कागदाचे कपटे मात्र श्रावणात दगा देतात. एका वर्षी एक मुलगी कागद उलटसुलट धरून म्हणाली, "मॅडम, हा तर गडाचा नकाशा झाला." तिला मी पुढे काही शिकवलं नाही, गरज नव्हती.

उलट प्रयोगवहीत जो पोटेन्शिओमीटर आहे, चार मीटर तार, जॉकी, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर, त्यात मुलं विभवाचा उतार स्वतःच्या हाताने मोजतात. तारेच्या टोकांमध्ये दोन व्होल्ट, चार मीटर, म्हणजे मीटरमागे अर्धा व्होल्ट. हेच तारेतलं विद्युत क्षेत्र! पण धडा दुसरा, म्हणून कुणी सांगत नाही.

सीईटीला भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. यात घाट कुठे चढायचा, असं तरुण सहकारी विचारतात. खोटं नाही. सराव हवाच, सूत्र तोंडात हवंच, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त माझा अनुभव असा, की घाट चढलेल्या मुलांना पन्नास सेकंदांतलं उत्तर जास्त लवकर सापडायचं. याला पुरावा म्हणून माझ्याकडे आकडेवारी नाही, फक्त एकतीस वर्षांच्या उत्तरपत्रिका आहेत, आणि त्याही रद्दीत गेल्या.

माझ्या जागी आलेली शिक्षिका दिवाळीनंतर घरी आली होती. ट्रे माळ्यावर होता, तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या; चिंच लावून आम्ही दोघींनी त्या घासल्या. "याच्यावर मार्कांना काही येतं का हो मॅडम?" तिने विचारलं. नाही म्हणाले. तिने थोडा विचार केला आणि ट्रे स्कूटीच्या पुढ्यात ठेवून नेला. अजून परत आलेला नाही.